नारू, खळाळ आणि माझा उजवा गुडघा

नारू झाला असेल तर पहिली गोष्ट सांगते. ज्याला घाई आहे त्याच्या हातात पाय देऊ नका, मग तो पाठचा भाऊ का असेना.

दुसरी गोष्ट, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. ही दुसरी गोष्ट मला उशिरा कळली, आणि कळल्यावर मी काय केलं ते पुढे येईलच. लपवायचं असतं तर लिहायला बसलेच नसते.

सोलापूरच्या दवाखान्यात मी साडेतीन महिने पडून होते. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "भागीरथी, तू लिही. तुझ्यासारख्या बायका येतात, भेदरलेल्या असतात, त्यांना वाचून दाखवता येईल." मी म्हटलं, बाई, माझी शाळा तिसरीपर्यंत. त्या म्हणाल्या, चुका मी काढते. तेव्हा यातले ऱ्हस्वदीर्घ त्यांचे आहेत. राग माझा आहे, त्याला त्यांनी हात लावलेला नाही.

आणि हो, नारूनं माणूस सहसा मरत नाही. हे आधी ऐका आणि जरा पाणी प्या. गाळून.

वल्हं

आमचं गाव अक्कलकोटाच्या खाली, भीमेच्या काठावर. अलीकडे मराठी, पलीकडे कानडी, आणि मधे आम्ही कोळी, दोन्हीकडच्या शिव्या येणारे. आमची नाव म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपली, खालून कातड्यानं मढवलेली. तिला हरगोल म्हणतात. बाप वारला तेव्हा माझा भाऊ धर्मा बारा वर्षांचा होता. मला नवऱ्यानं टाकलेलं. नवरा सोलापूरला गिरणीत गेला आणि तिकडंच त्यानं दुसरं घर मांडलं. मी माहेरी आले आणि बापाचं वल्हं उचललं. गाव चार दिवस बोललं, बाई नाव चालवते म्हणून. पाचव्या दिवशी पलीकडच्या बाजाराला जायची वेळ आली, तेव्हा गपचूप येऊन टोपलीत बसलं.

माणसं पार करणं हे पोटाचं काम. माझा जीव होता तो खळाळात.

गावाच्या वरच्या अंगाला नदी काळ्या खडकांतून उतरते. मोठा धबधबा बिबधबा नाही, पण पाणी तिथं सरळ चालत नाही. एका खडकाला धडकतं, वळतं, पांढरं होतं, पुन्हा काळं होतं, आणि खाली डोहात येऊन एकदम शहाण्यासारखं गप्प बसतं. दोन्ही काठांना बाभळी, आणि पावसाळा सरताना त्यांच्या पिवळ्या फुलांचा सडा पाण्यावर. हरगोल डोक्यावर पालथी घालून काठाकाठानं वर चढायचं, पाण्यात सोडायची आणि उडी मारून आत बसायचं. डावं पाऊल कडेला टेकवायचं, उजवा गुडघा तळाशी घट्ट रोवायचा. त्या गुडघ्यावर सगळा भार. मग वल्हं पुढे घालून पाणी आपल्याकडे ओढायचं. टोपली गरगर फिरते. नवखा माणूस तिला थांबवायला जातो आणि तिथंच पालथा होतो. फिरू द्यायचं असतं. अर्धी गिरकी झाली की एक हिसडा, की ती खडकाच्या बाजूनं घसरून जाते. तोंडावर पाणी उडतं आणि हसू येतं. एवढं हसू मला दुसऱ्या कशानं आलेलं नाही, सासरी तर नाहीच नाही.

धर्माला मीच शिकवलं. तो पाण्याशी मारामारी करायचा. मी ओरडायचे, "भांडू नगंस, मुडद्या! त्याला वाटू दे तू हरलास म्हनून!" दोनदा बुडता बुडता मी त्याला केसाला धरून काढलंय.

आता रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रितीवर आहे. खळाळाच्या मधोमध एका खडकावर साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं आहे, शेंदूर लावलेले सात गोटे. दसऱ्याला तिथं ओटी न्यायची. जो खळाळातून ओटी नेईल त्याच्या हातात पाटील विडा देतो आणि वर्षभर नाव त्याची. दुसऱ्या कुणी ती चालवायची नाही. वल्हं धरणाऱ्याबरोबर घरची एक सवाष्ण ओटी घेऊन बसते. टाकलेली असले तरी नवरा जिवंत, म्हणून मी सवाष्णच, आणि आमच्या घरात दुसरी सवाष्ण नव्हती म्हणून आठ वर्षं वल्हंही मीच धरलं आणि ओटीही मीच पदरात बांधली. त्या दिवशी कडक उपास. भीमेचं पाणी प्यायचं नाही, कारण जिच्या अंगावरून जायचं तिलाच तोंड कसं लावायचं? म्हणून काठावरच्या आसरांच्या बारवेत पायऱ्यांनी उतरून तिथलं पाणी प्यायचं. वल्हं धरणाऱ्यानं प्यायचं आणि सवाष्णीनंही. एरवी ती बारव आमच्या वापरात नसते. नारूवाले मात्र लांबलांबून तिथं येतात. पायऱ्यांवर बसून फुटलेला पाय त्या पाण्यात बुडवतात. आग थांबते, आसरा पावली म्हणतात, नारळ फोडून जातात.

फोड

श्रावणात माझ्या उजव्या घोट्यावर फोड आला. आगआग, जणू कुणी निखारा ठेवून विसरलंय. मी पाय नदीत घातला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी फोड फुटला आणि आत पांढरं काहीतरी दिसलं, शेवईएवढं. आईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "नारू हाय गं भागे."

मी म्हटलं, "हाय तर हाय. दसऱ्याला लई दिस हायेत."

हे लिहिताना माझी मलाच कीव येते. मला आगीची भीती नव्हती. दसरा चुकायची होती. तोच एक हिशोब डोक्यात. नारू म्हणजे कातडीखालचा हातभर लांब, दोऱ्यासारखा किडा, तो हळूहळू काडीवर गुंडाळत न्यायचा असतो, रोज बोटाच्या पेराएवढा, फार तर दोन. ओढला तर तुटतो, आणि तुटला तर आत सडतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीसेक दिवसांत बाहेर आला असता. दसऱ्याला मी गुडघा रोवून बसले असते.

"मी काढतो की रोज," धर्मा म्हणाला. "तुला वाकून जमनार न्हाई आक्का."

वैशाखातच त्याचं लग्न झालेलं. बायको पलीकडच्या कानडी गावची, निंगव्वा, सोळा वर्षांची, हसायला लागली की तोंडावर पदर धरायची. सकाळी ती कोमट पाणी आणून ठेवायची आणि गोठ्याकडे जायची. धर्मा माझा पाय मांडीवर घ्यायचा. काय हलका हात होता त्याचा! मी म्हणायचे, एवढ्या हलक्या हातानं वल्हं धरलं असतंस तर कवाच शिकला असतास. तो हसायचा.

आठव्या नवव्या दिवशी त्यानं विचारलं, "आक्का, आन् न्हाईच बरी झालीस तर?"

"तर तू वल्हव. माझ्या नावानं. पाटलाला म्हनायचं, वल्हं आक्काचं, मी नुसता हात. चालतं तसं."

"व्हय की," तो म्हणाला.

बाराव्या दिवशी मी आढ्याकडे बघत पडले होते. आई चुलीपुढे. एकदम पायातून कळ गेली ती थेट मस्तकात. धर्मा ओरडला, "आक्का, हाललीस की तू! काय केलंस हे!" त्याच्या हातात काडी होती आणि काडीवर तुटकं टोक लोंबत होतं.

मला हलल्याचं आठवत नव्हतं. पण तो रडत होता. मी त्याचीच समजूत काढली. म्हटलं, जाऊ दे रे, माझाच पाय वैरी.

सोलापूर

तिसऱ्या दिवशी ताप. पोटरी फुगली, मग गुडघा. आईनं लेप लावले, एका म्हाताऱ्यानं तापल्या लोखंडाचे डाग दिले, आसरांना कोंबडं कबूल केलं. गुडघा फुगतच गेला. शेवटी दुधनीपर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडी. डब्यात वासानं लोक उठून लांब बसले. माझ्याच पायाचा वास.

डॉक्टरांनी गुडघा दाबला, मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते म्हणाले, "शिव्या दे, पण हलू नकोस." मला ते माणूस तिथंच आवडलं. चिरावं लागेल म्हणाले. मी एकच विचारलं, "दसऱ्याला बसता येईल का?"

"कुठं बसायचंय?"

"नावेत. ह्या गुडघ्यावर."

त्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून सरळ सांगितलं, "पाय वाचवायचा प्रयत्न करतो. गुडघ्याचं मी काही बोलत नाही."

आजाराचं नाव मला आधीच ठाऊक होतं. खरा निकाल हा होता, गुडघ्याचा. खोटी आशा दिली नाही याचा मला त्या दिवशी फार राग आला. आज नाही येत. ज्यांनी खोटं सांगितलं ते सगळे माझ्या घरचे होते.

दोनदा चिरलं. शुद्धीवर आले की आधी हात खाली घालून पाय आहे का बघायचे. पाय आहे म्हटल्यावर रडायचे, नसता तरी रडलेच असते म्हणा. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की पट्टी बदलायची वेळ जवळ आली हे कळायचं. जखमेत आयोडीनची वात भरत. ज्यांना हे व्हायचंय त्यांना माझं सांगणं, ओरडा. लाजू नका. ओरडलं की वेळ जातो.

शेजारच्या खाटेवर पद्माक्का होती, विणकर साळ्याची बायको, घरात तेलुगू बोलणारी. तिच्या पाठीला मोठं गळू झालं होतं. ती पालथी झोपूनच बोलायची. मी पडल्या पडल्या दोन्ही हातांनी हवेत वल्हं ओढायचे, हात विसरू नयेत म्हणून. तिनं ते पाहिलं.

"काय गं अम्मा, भिंत पुढं सरकली काय?"

"सरकंल की. दसऱ्यापर्यंत सरकंल."

"मग मला बी बसीव तुज्या नावेत. पालतीच बसते."

एवढी हसले की टाके दुखले. तिनंच माझे गुंतलेले केस विंचरले, पालथी पडल्या पडल्या, माझं डोकं तिच्या उशाशी ओढून. बावीस दिवसांत माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. दवाखान्यात अशा बारक्या गोष्टींवर माणूस जगतं. त्या नाकारू नका, मोठेपणा करू नका.

पितृपक्षात एका दुपारी डॉक्टर काचेचा पेला घेऊन आले. उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "काय दिसतं?" पाण्यात कणभर ठिपके उड्या मारत होते. विहिरीचं पाणी होतं कुठल्या तरी. मग त्यांनी समजावलं. नारूवाला पाण्यात पाय बुडवतो तेव्हा नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती या ठिपक्यांच्या पोटात जातात. ते पाणी जो पितो त्याला वर्षभरानं नारू होतो. "तुमच्या गावात अशी पायऱ्यांची विहीर आहे का?"

आसरांची बारव. गेल्या दसऱ्याला मी दोन ओंजळी प्यायले होते, डोळे मिटून, नमस्कार करून.

आठ वर्षं ज्यांची ओटी पदरात बांधून नेली त्यांनी मला हे पाजलं. सातजणी होत्या, एकीला तरी वाटायचं होतं! त्या दिवशी मी देवाला जे बोलले ते नर्सबाईंनी खोडलंय, एवढंच काय ते खोडलंय.

आणि लगेच मनात आलं, औंदा धर्मा पिणार. आई आली की सांगायचं, त्याला पिऊ देऊ नको, नाहीतर गाळून दे. हे मी ठरवून टाकलं होतं. नर्सबाई साक्षीला आहेत, मी त्यांच्याकडून फडक्याचा तुकडासुद्धा मागून उशाखाली ठेवला होता.

आई

दसऱ्याच्या चार दिवस आधी आई आली. एकटी, पदरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून. तिला बघून मी लहान पोरीसारखी रडले. तिनं माझा पाय पाहिला आणि तोंड फिरवलं.

"औंदा धर्मा वल्हवनार ना? माझ्या नावानं?"

आई भाकरी मोडत राहिली.

"पाटलाला सांगितलंय ना, आई?"

"भागे, वल्हं त्याच्याच नावानं हाय. लगनातच बोली झाली व्हती."

"कसली बोली?"

"निंगव्वाच्या बापानं पोरगी दिली ती ह्याच बोलीवर. औंदाच्या दसऱ्याला वल्हं पोराच्या हातात पायजे म्हनला. बहिनीच्या नावेत बसून खानाऱ्याला पोरगी देत न्हाई म्हनला."

"मला कुनी इचारलं?"

"इचारलं असतं तर तू व्हय म्हनली असतीस व्हय?"

ते वऱ्हाड मीच नदीपार केलं होतं. चार खेपा घातल्या होत्या, हळदीनं माखलेली, गाणी म्हणत. आणि त्यातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की हिची नाव गेली. फक्त नाव चालवणारीला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "असू दे. माझंच नशीब फुटकं. पाय हालला नसता तर आज मी उभी ऱ्हायले असते, मग बघितलं असतं बोलीचं."

आईच्या हातातली भाकरी खाली पडली. तिनं ती उचलून पदरानं पुसली. मग म्हणाली, "तुजा पाय न्हाई हालला."

"म्हंजे?"

"मी बगितलं. तू गप पडली व्हतीस. त्यानं हिसका दिला."

"चुकून?"

"काडीला दोन वेढे घातले त्यानं. मग हिसका दिला."

"आन् तू?"

"मी चुलीकडं तोंड केलं," आई म्हणाली. "एकच ल्योक हाय मला, भागे."

एकच ल्योक. आणि मी कोण होते? आठ वर्षं त्या चुलीत लाकूड मी घातलं, त्या लेकाला केसाला धरून पाण्यातून मी काढलं. दीड महिना मी माझ्या पायाला शिव्या देत होते. घरी होते तोवर आई ते ऐकून ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसत होती, आणि गप्प होती. भावाचं एक वेळ समजलं, त्याला नाव हवी होती. आईला काय हवं होतं हे मला आजही समजलेलं नाही. पद्माक्का पालथीच होती, पण तिनं हात लांब करून माझी खाट धरली.

आई निघाली. दारापाशी थांबून, जशी कुणीही आई थांबेल तशी, म्हणाली, "धर्मूला काय निरोप सांगू?"

फडकं माझ्या उशाखाली होतं.

मी म्हटलं, "सांग त्याला, देवीचं पानी नीट पी म्हनावं. उपास असतोय. चार ओंजळी पी."

घरी

पौषात मला सोडलं. पाय राहिला, गुडघा काठीसारखा सरळ. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी नदीवर गेले, कुबडी घेऊन. हरगोल काठाला बांधलेली होती. कुणी नव्हतं. मी आत बसून पाहिलं. उजवा पाय सरळच, कडेच्या बाहेर. तसं वल्हं घातलं तर टोपली कलंडते. डाव्या गुडघ्यावर बसून पाहिलं, तर उजवा पाय आडवा येतो. उताणं, कुशीवर, सगळं करून पाहिलं. अर्ध्या तासानं चिखलात बसून रडले.

धर्मा काठावर उभा होता. केव्हा आला होता कोण जाणे.

"आक्का, मी मुद्दाम न्हाई गं. घाई झाली."

"कशाची?"

तो वाकून नावेची दोरी सोडायला लागला. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते सगळ्या वाडीनं ऐकलं, परत लिहीत नाही. ऐकून घेऊन तो नावेत बसला आणि पलीकडची माणसं आणायला गेला. छान वल्हवत होता. वाईट वल्हवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी निंगव्वा मला न्हाऊ घालताना सांगायला लागली. दसरा कसा झाला, पाटलानं विडा कसा दिला, खळाळात ती कशी ओरडली आणि सगळे कसे हसले. "ओटी माज्याच पदरात व्हती की अक्का! उपासानं जीव चाललेला. त्यांनी तुमचा निरोप सांगितला, पानी पोटभर प्या म्हनून. मी बी चार ओंजळी प्याले."

माझ्या अंगावर ती कढत पाणी ओतत होती आणि मी गार पडले.

सवाष्ण! आठ वर्षं वल्हंही मी आणि सवाष्णही मीच, त्यामुळे दुसरी कुणी तिथं बसेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. की आलं होतं? रागात माणसाला काय ध्यानात येतं आणि काय ते येऊ देत नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एकदा पोटात गेलेलं पाणी परत काढायला औषध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावाला मी बारवेचं सांगून पाहिलं. पाटील म्हणाले, पायाबरोबर अक्कलही गेली काय हिची.

मग आठ महिने मी तिची पावलं बघत राहिले. ती सारवताना, ती धुणं धुताना, ती झोपली असताना. पोरीला वाटायचं, अक्का माझ्या जोडव्यांकडे बघतात. एकदा तिनं ती काढून मला घालायला दिली.

धर्माला काही झालं नाही. त्याच्या पायावर पुरळसुद्धा उठलं नाही.

श्रावणात ती लंगडत आली. "अक्का, हे काय उठलंय बगा की. लई आग व्हतीय."

मला बघायची गरज नव्हती.

"नारू हाय," मी म्हटलं.

ती घाबरली, मग एकदम हसली. "मग मला कशाची भीती? तुमी हाय की. तुमाला सगळं ठावं हाय."

धर्मा पुढे आला. "मी धरू का काडी?" निंगव्वानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लांब हो." तो गेला. आई चुलीपुढे होती. तिला म्हटलं, "हिकडं तोंड कर. रोज बघायचं." ती रोज बघत बसायची.

एकोणीस दिवस तिचा पाय माझ्या सरळ मांडीवर होता. मी तिला आधी सांगून टाकलं, पाय पाण्यात बुडवायचा नाही, नदीत नाही, बारवेत तर नाहीच. घंगाळात भिजवायचा आणि ते पाणी लांब उकिरड्यावर ओतायचं. रोज पेरभर. अडलं की थांबायचं, उद्या. माझे हात वल्ह्याचे, राठ, पण एकदाही जास्त ओढलं नाही. ती आगीनं तळमळायची तेव्हा मी पद्माक्काच्या गोष्टी सांगायचे. ती म्हणायची, माझ्या आईनंसुद्धा माझं एवढं केलं नाही. हे ऐकून मला जेवण जायचं नाही.

एकोणिसाव्या दिवशी नारू सगळा बाहेर आला. टोकासकट, अख्खा. निंगव्वानं काडी उजेडात धरून पाहिली, टाळी वाजवली आणि माझ्या पायावर डोकं ठेवायला वाकली.

मला पाय मागे घेता येत नाही. म्हणून मी तिचं डोकं हातानं धरलं.

"थांब. आधी ऐक. तू प्यालीस त्या पान्यात हे व्हतं. मला ठावं व्हतं."

"कवापासनं?"

"निरोप धाडला त्याच्या आधीपासनं."

तिला अर्थ लागायला वेळ लागला. तिचं मराठी अजून कच्चं आहे, पण त्यामुळे नव्हे.

"मला पाजायचं व्हतं?"

"त्याला."

"का?"

मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. हिसका, बोली, चूल. आई तिथंच बसली होती, ती खाली मान घालून राहिली. धर्मा उंबऱ्यात आला होता. त्याच्याकडे बघून निंगव्वानं विचारलं, "खरं हाय?" तो उंबऱ्यातून मागे सरकला.

ती भिंतीला धरून उठली. आमच्याकडे, तिघांकडे, एकेक करून पाहिलं.

"मग मी ह्या घरात कुनाच्या हातचं पानी प्यावं?" ती म्हणाली.

ती लंगडत बाहेर गेली. माहेरी जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. बापानं बोली करून दिलेली पोर, ती कुठं जाणार? दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून ते दवाखान्यातलं फडकं मागून घेतलं. आता तिची घागर वेगळी असते. पाणी ती स्वतः आणते, दुहेरी फडक्यातून स्वतः गाळते, आणि झाकण लावून कोपऱ्यात ठेवते. सगळ्यांशी बोलते, सगळ्यांचं करते. काल मी तिला तांब्या भरून दिला. तिनं तो घेतला, माझ्यासमोर तुळशीत ओतला, आणि आपल्या घागरीतून प्यायली.